रंगकाम : क्रेग डनेट

ग्लेनिस प्रॅटली आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवत आली होती आणि दिलेली तारीख तिने एकदाही चुकवली नव्हती. एकदा ताप अंगात असताना तिने पाद्रीबाईंच्या दिवाणखान्याचे पडदे पुरे केले आणि मगच अंथरूण धरलं. टेमुका गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून क्रेग डनेटचा तिला जितका राग आला, तितका दुसऱ्या कुणाला आला नसता.

क्रेग गाड्या रंगवायचा. हात असा, की पार तिमारूहून लोक गाड्या घेऊन यायचे. तोंडही तसंच गोड. त्याच्यावर चिडून गेलेला माणूस परत येताना त्याच्याच बागेतली लिंबं पिशवीत घेऊन यायचा.

ग्लेनिसचा नवरा मर्व्ह दुधाच्या टँकरची इंजिनं दुरुस्त करण्यात म्हातारा झाला. निवृत्त झाल्यावर त्याने खोक्यांतून येणारी, घरी जोडायची गाडी मागवली. सुटी चासी म्हणजे खालचा सांगाडा, सुटे भाग, वरून चढवायची फायबरची बुटकी, दोन माणसांची बॉडी. इंजिन त्याने एका आपटलेल्या गाडीतून काढलं. गावच्या मोटार क्लबात निम्मे पुरुष हेच करतात, त्यामुळे कुणी त्याला वेडा म्हटलं नाही.

कारखान्याने विचारलं होतं, बॉडी रंगीतच ओतून देऊ का म्हणून. मर्व्हने नको सांगितलं, कारण क्लबच्या बार्बेक्यूला, हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज धरून क्रेग म्हणाला होता, "माझ्याकडे आणून टाक, मर्व्ह. पिकलेल्या चेरीसारखा लाल मारतो. लोक चाटून बघतील."

आणि मर्व्ह म्हणाला होता, "घाई नाही रे. सवडीने कर."

असं म्हणायचं असतंच. दुसऱ्यांदा केक पुढे केला की पोट भरलं म्हणतात, तसं. ऐकणाऱ्याने ते खरं मानायचं नसतं. क्रेगने मानलं.

ग्लेनिसने सीटा शिवल्या. मलईच्या रंगाचं कातडं आणि कडेला चेरीच्या लाल रंगाचा बारीक गोट, बॉडीला जुळावा म्हणून. त्या सीटा जुन्या चादरीत गुंडाळून पाहुण्यांच्या खोलीत पडून राहिल्या. बॉडी क्रेगच्या शेडमध्ये पडून राहिली.

आधी विमा कंपनीच्या गाड्या आल्या, त्या सोडता येत नव्हत्या. मग हवा दमट झाली. मग कॉम्प्रेसर बिघडला. मग नदीच्या मुखाशी व्हाइटबेटची बारीक मासळी आली, आणि त्या दिवसांत गावातला कुठलाच पुरुष कामाचा राहत नाही. मग जावयाचा टेम्पो आला.

"मंगळवारी घेतो बघ, ग्लेनिस," क्रेग दुकानात भेटला की सांगायचा. "मर्व्ह काही म्हणत नाही ना?"

"तो नाही म्हणत," ग्लेनिस म्हणायची. "मी म्हणतेय."

"तू गोडच आहेस," असं म्हणून तो पाव घेऊन निघून जायचा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मर्व्हला दाराची चौकट वाकडी दिसू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं दिली, पण खोटी आशा दिली नाही. मधलं दिसणं जाणार, कडेचं थोडं राहील. रंग त्याआधीच विटत जातील.

परतताना गाडी ग्लेनिसच चालवत होती. मर्व्ह बाहेरच्या शेतांकडे बघत होता. मग म्हणाला, "तो लाल तेवढा बघायचा होता."

"मग आजच सांगते क्रेगला."

"नाही सांगायचं."

"का?"

"डोळ्यांचं रडगाणं गाऊन माणसाकडून काम काढून घ्यायचं? मी नाही तसला. तूही नाही सांगायचंस. शब्द दे."

तिने शब्द दिला. तिच्या आयुष्यात तिला सर्वांत महाग पडलेली गोष्ट तीच. त्यापुढे क्रेग मंगळवार म्हणाला की तिच्या दातांमागे ते सगळं येऊन थांबायचं, आणि ती म्हणायची, "बरं."

रात्रीचं तिला वेगवेगळं सुचायचं. त्याच्या शेडसमोर बसून विणकाम करावं. त्याच्या बायकोच्या पडद्यांची शिवण उसवून यावी. सगळे बेत ती उलटसुलट करून बघायची, कापड बेतावं तसे, आणि बाजूला ठेवायची. सगळे तोकडे पडत होते.

वसंतात एके सकाळी मर्व्हने तिच्या लाल स्वेटरला तपकिरी म्हटलं. तिने शेजारच्या बेरिलकडून घोडे न्यायचा ट्रेलर मागून घेतला, आणि बेरिललाही.

क्रेग मासे पकडायला तळ्यावर गेला होता. शेडला कुलूप कधीच नसायचं. बॉडी अगदी मागे होती. वर रंगाचे रिकामे डबे रचलेले, धूळ एवढी की बोटाने नाव लिहावं, आणि चालवणाऱ्याची जागा जिथे असते तिथे मांजर पिल्लं घालून बसली होती. क्रेगने एका अंगाला रंगाआधीचा राखाडी प्रायमर मारला होता, मध्ये खड्डे बुजवायच्या लांबीचे पांढुरके ठिपके भरले होते. डावा दरवाजा कोराच. तेवढ्यावर त्याने हात झटकले होते.

"हे काम म्हणायचं?" बेरिल म्हणाली.

"काम त्याचंच आहे," ग्लेनिस म्हणाली. आणि तिथेच, मांजरीची पिल्लं एकेक करून खोक्यात ठेवताना, तिला हवं ते सुचलं. अगदी मापात बसणारं.

क्लबातल्या दोघांनी येऊन बॉडी चासीवर चढवली. मर्व्हने नटबोल्ट हातांनी चाचपून आवळले. त्या कामाला त्याला डोळे लागत नव्हते. तपासनीस आला. त्याने वेल्डिंग पाहिलं, ब्रेक पाहिले, पट्टे ओढून पाहिले. रंगाशी त्याचा संबंध नव्हता. गाडी पास झाली, नंबर मिळाला.

"रंगाशिवाय प्रदर्शनाला न्यायची?" मर्व्हने विचारलं. "क्रेगला वाईट वाटेल."

"वाटू दे थोडं," ग्लेनिस म्हणाली.

ईस्टरला मैदानावर क्लबचं प्रदर्शन भरतं. प्रत्येक गाडीपुढे एक पाटी असते. जोडणी कुणाची, शिवण कुणाची, रंग कुणाचा. लोक गाडीआधी पाटी वाचतात, कारण पुढच्या वर्षी आपलं काम कुणाकडे द्यायचं हे त्यावरून ठरतं. उत्तम रंगकामाचा चषक क्रेगकडून दिला जातो आणि तो कुणाला द्यायचा हे क्रेगच ठरवतो. छातीला फीत लावून तो एकेका गाडीपुढे थांबतो.

ग्लेनिसने पाटी पडद्यांचं कापड गुंडाळून येतं त्या जाड पुठ्ठ्यावर लिहिली होती. अक्षर मोठं, सरळ.

जोडणी : मर्व्ह प्रॅटली. शिवण : ग्लेनिस प्रॅटली. रंगकाम : क्रेग डनेट.

दोन्हीकडे आरशासारख्या चकचकणाऱ्या गाड्या, मध्ये ही खरूज झाल्यासारखी. लोक थांबत, पाटी वाचत, मग गाडीकडे बघत, मग पुन्हा पाटीकडे. मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. तिमारूहून आलेल्या एका माणसाने बायकोला म्हटलं, "आपली याच्याकडेच द्यायची होती ना?" बायको म्हणाली, "होती."

ग्लेनिस घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासमधला चहा पीत होती. कितीतरी महिन्यांनी तिला चहाची चव लागली.

फीत लावलेला क्रेग आला. वाचलं. कानांपर्यंत लाल झाला, गाडीला हवा होता त्याच रंगाचा.

"ग्लेनिस, काढ ना ती पाटी."

"का? तुझं काम नाही का ते?"

"अगं, अर्धवट आहे."

"तेच लिहू का? जागा आहे खाली."

लोक मोकळेपणाने हसले. क्रेगही हसायला गेला, पण ते जमलं नाही. "मर्व्ह, मित्रा," तो वळून म्हणाला, "तू तरी सांग हिला," आणि त्याने हात पुढे केला.

मर्व्हनेही हात पुढे केला. तो क्रेगच्या हाताच्या वीतभर बाजूने गेला आणि हवेत थांबला. मर्व्हने मान तिरपी करून कडेने पाहिलं, पुन्हा चाचपलं, तेव्हा कुठे हात सापडला.

कुणी हसलं नाही. क्रेग त्या हाताकडे बघत राहिला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

मर्व्हने हात सोडवून घेतला. ग्लेनिसने शब्द दिला होता, तो तिने पाळला. पण क्रेगकडे बघण्यापासून तिला कुणी अडवलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, त्याचे मंगळवार त्याचे त्याला मोजू दिले.

"मला कुणी बोललं का नाही?" क्रेगचा आवाज चिरका झाला. "मर्व्ह, उद्याच आण. आहेत ती सगळी कामं बाहेर काढतो. चार हात मारतो लाल. पैसा नको."

ग्लेनिस कप खाली ठेवून नवऱ्याकडे बघू लागली. ती याच वाक्याची वाट बघत होती, आणि ते आलं तेव्हा तिला कळलं की त्याचा उपयोग संपलाय. नवा लाल आता मर्व्हला तिच्या स्वेटरसारखाच दिसणार होता.

मर्व्हने बॉनेटवरून तळवा फिरवला. प्रायमरवरून कोऱ्या फायबरवर, लांबीच्या ठिपक्यांवरून परत. क्रेगशी तो नेहमी बोलायचा त्याच मवाळ आवाजात म्हणाला, "घाई नाही रे, क्रेग. सवडीने कर."

क्रेगने फीत काढून खिशात कोंबली. त्या वर्षी चषक कुणालाच दिला गेला नाही.

घरी जाताना मर्व्ह शेजारच्या सीटवर बसला होता, लाल गोटावरून बोट फिरवत. ग्लेनिस गाडी चालवत होती.

"पाटी घेतलीस ना?" त्याने विचारलं.

"मागे आहे."

"जपून ठेव. पुढच्या वर्षी लागेल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला वाटत होतं की राग धरणं हे खातं घरात तिचं एकटीचं.

गाडी अजून राखाडीच आहे. दर ईस्टरला ती मैदानावर जाते. दोन वेळा क्रेग घरी आला, एकदा रंगाचा डबा हातात घेऊन. मर्व्हने त्याला चहा पाजला, लिंबांबद्दल आभार मानले आणि तेच उत्तर दिलं. पाटीवरची अक्षरं उन्हाने विटतात. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ग्लेनिस जाड पेन घेऊन बसते. वरच्या दोन ओळी ती तशाच सोडते. तिसरी तेवढी पुन्हा गिरवते.