दुखत नसताना दिलेली गोळी

ऊसतोडीला निघायच्या आधी शिरूर कासारला तपासणीचं शिबिर होतं. टोळीतल्या बायकांनी रक्त दिलं, म्हणून मीही दिलं. पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. वयानं माझ्या लेकीएवढ्या.

"मावशी, रक्तात चरबी जास्त आहे. ही गोळी रोज घ्यायची. मनानं बंद करायची नाही."

बांगड्या कोपरापर्यंत सरकतात इतकी मी वाळलेली. म्हटलं, "अंगावर मास न्हाई अन् रक्तात चरबी कुठून आली बाई? मला तर काहीच दुखत न्हाई."

"दुखत नाही तेव्हाच घ्यायची. नाहीतर पुढं हार्ट अटॅक येऊ शकतो."

त्या 'नाहीतर'नंच माझं डोकं फिरलं. पाकीट पदराखाली धरून मी घरी आले आणि डाळीच्या डब्यामागं टाकून दिलं.

मला तिशीही लागली नव्हती तेव्हा ओटीपोटात दुखायचं. एका खासगी डॉक्टरनं पडद्यावर काळंपांढरं काहीतरी दाखवलं. "गर्भाची पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल." टोळीचा मुकादमही म्हणाला, काढून टाक, तोडीत पाळीचे खाडे होणार न्हाईत. घाबरून मी टेबलावर जाऊन पडले. आमच्या वस्तीवर अशा लई बाया आहेत. त्यातल्या कुणाला खरंच कॅन्सर होणार होता, हे आता कोण सांगणार? उलट त्यानंतर अंगाची नुसती आग व्हायची आणि कंबर धरायची. भरल्या थंडीत मी उसाच्या पाचटावर काही न पांघरता बसायचे.

जाऊ म्हणाली, "फेकून दे. एकदा फसलीस ना?"

फेकणारच होते. पण माझा धाकटा भाऊ डोळ्यांपुढं यायचा. उसाच्या फडात मोळी बांधता बांधता त्याला दरदरून घाम आला, खाली बसला तो उठलाच नाही. त्यालाही आधी काही दुखत नव्हतं.

मी परत दवाखान्यात गेले. भांडायचंच ठरवून.

"ही गोळी न्हाई घेतली तर मी मरंन का? खरं सांगा."

मला वाटलं, आता ही पण भीती घालील. पण त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. गोळी न घेताही तुम्हाला कधीच काही होणार नाही, असं होऊ शकतं. घेऊनही अटॅक येऊ शकतो. गोळीनं धोका कमी होतो, एवढंच."

"मग मलाच कावून?"

घरात कुणाला अटॅक आला होता का, त्यांनी विचारलं. मी भावाचं सांगितलं. मग पोटावरच्या टाक्यांचं. "पिशवीबरोबर बीजकोशही काढले होते का?"

"मला काय ठाऊक? आत काय काय काढलं ते कुणी सांगितलंच न्हाई."

नंतर अंगाची आग व्हायची, हेही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढले असणार. इतक्या लवकर ते काढले की हृदयविकाराचा धोका वाढतो, मावशी. आता तेही धरायला हवं."

संताप आला. कुणावर काढावा, कळेना. एकानं नको ते काढलं, म्हणून आता दुसरीची गोळी.

तरी गोळ्या घेऊन मी तोडीला गेले. महिनाभरात पिंढऱ्या दुखायला लागल्या. वाटलं, धरला चोर! कुणाला न सांगता गोळी बंद केली. पाय दुखायचे थांबले नाहीत. पहाटेपासून कोयता मारणाऱ्या बाईचे पाय दुखायला गोळी कशाला लागते? तरीही शंका गेली नाही.

गावी परतल्यावर त्यांना सरळ सांगितलं, बंद केली होती म्हणून. त्या रागावल्या नाहीत. पाय दाबून बघितले, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "कमी ताकदीची देते. परत दुखलं तर थांबवा, पण मला कळवा."

ती मी घेते. नवीन पाकीट हातात आलं की आधी उलटंसुलटं करून बघते, जुन्याशी ताडून बघते, मगच तोंडात टाकते.

परवा जावेनं विचारलं, "गुण आला का गं?"

"आजारच न्हवता, तर गुण कशाचा दिसायचा?"

"मग घेतीस कावून?"

"भाऊ गेला तसं जायचं न्हाई मला."

ती ज्वारी पाखडत होती. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "परत जाशील तवा मला बी घेऊन जा. पण मी रक्तच देईन. बाकी कशाला हात लावू द्यायची न्हाई."