वॉर्ड, थिएटर की आमेरपुढचं केंद्र?

नर्सेस एकत्र बसल्या की किस्से निघतातच, आणि त्यातले बहुतेक घाबरल्याचे असतात. हिमतीचे आम्ही पाहुण्यांना सांगतो. हे आपल्याआपल्यातले!

ऐंशीच्या दशकात जयपूरला आमचं नर्सिंग आणि बाळंतपणाचं ट्रेनिंग संपलं. मी आणि सुनंदा, दोघी तिथे बदलून आलेल्या मराठी रेल्वेवाल्यांच्या मुली. तिसरी तिथलीच विमला. मेट्रनबाईंनी तिघींना बोलावलं. "वॉर्ड, थिएटर, या गाँव का सेंटर? तब तक वॉर्ड-थिएटर में काम करके देख लो. सोमवार को बताओ."

विमला तिथल्या तिथे म्हणाली, "मॅडम, ट्रेनिंग दुबारा नहीं हो सकती?"

*

सुनंदाला ऑपरेशन थिएटर हवं होतं. "पेशंट झोपलेला असतो गं, प्रश्न विचारत नाही!"

पण सर्जनसाहेब जागे असतात, हे ती विसरली. पहिल्याच ऑपरेशनला त्यांनी न बघता हात पुढे केला. "सिस्टर!" सुनंदा इतकी टरकली, की तिने त्यांच्या हातात स्वतःचा हात ठेवला!

साहेब मास्कमधून म्हणाले, "ये बाद में. पहले कैंची."

*

मला आणि विमलाला वॉर्ड बरा वाटत होता. पण आजवर पाठीशी सिस्टर उभी असायची. आता सिस्टर मीच! एका म्हाताऱ्या बाईंना इंजेक्शन द्यायचं होतं. त्यांचा दंड धरून मी म्हणाले, "माँजी, डरो मत. हाथ मत हिलाओ."

"मेरा तो टिका हुआ है, बेटी. हिल तो तेरा रहा है!"

*

घरी, जयपूरच्या मुरलीपुऱ्यात, मी गावातल्या आरोग्य केंद्राचा विषय काढला.

"तिथे डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"आठवड्यातून एकदा येतात."

"आणि बाकीचे दिवस?"

"मी."

बाबा रेल्वेत गार्ड. आडरानात गाडी अडकली तरी न डगमगणारा माणूस. त्यांचा घास हातातच राहिला. "मतलब, तू एकटी?"

आई म्हणाली, "वॉर्डच घे बाई. चूक झाली तर तिथे ओरडायला तरी कुणी असतं!"

मला हसू आलं नाही. माझ्या मनातलंच बोलली होती ती.

*

विमलाने वॉर्ड घेतला, सुनंदाने थिएटरच. आणि मी केंद्र! "का गं?" म्हणून कुणी विचारलं की मी हे सांगते.

सोमवारच्या आधी, नुसतं बघायला म्हणून मी बसने आमेरच्या पुढच्या त्या गावी, केंद्रावर गेले. तिथली सिस्टर शेजारच्या वस्तीवर लस टोचायला गेली होती. मी बाकावर टेकले, तोच उंटगाडीतून कळा देणारी एक पोर आली. सोबत तिची सासू. "सिस्टरजी, जल्दी!"

मी इथली नाही, हे सांगायलाही वेळ मिळाला नाही. मूल लगेच झालं. पण रडेना. निळसर, ढिलं पडलेलं. नळीने घसा साफ केला, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. काही नाही. सासू दाराबाहेर देवाचं नाव घेत होती, तीही थांबली. वाटलं, सगळं टाकून पळत सुटावं. हात मात्र पाठ चोळतच होते.

आणि बाळाने टाहो फोडला!

मीही फोडला. बाळ फडक्यात गुंडाळून आईच्या कुशीत दिलं.

सासू आत आली. "सिस्टरजी, छोरा हुआ कि छोरी?"

मी पाहिलंच नव्हतं!