मागच्या सीटचा पट्टा

माझ्या खाणीतल्या मित्राने किट आणून स्वतः विमान जोडलं. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीबाहेरच्या धावपट्टीवर दर रविवारी पायलट जमायचे आणि त्यांना मतांचा काय तोटा! कुणी म्हणे, कोरड्या नदीतही उतरेल. कुणी म्हणे, शेपूट हलकं आहे.

एक म्हातारा मात्र गप्प असायचा. मागची सीट रिकामी असली की तिचा पट्टा आवळून ठेवतात, लोंबून स्टिकमध्ये, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यात, अडकू नये म्हणून. तो जाऊन तेवढा सैल करायचा.

“कशाला?” मी विचारलं.

“बसणाऱ्याला श्वास घेता यायला हवा, मेट.”

पुढच्या रविवारी मित्र म्हणाला, “चल, तुला फिरवतो.” मी मागे बसलो. पट्टा माप घेतल्यासारखा बसला. इंजिन सुरू झालं, तेव्हा म्हाताऱ्याने, अंत्ययात्रा जाताना धरतात तशी, टोपी काढून छातीशी धरली.