नारळाच्या शेंडीवरची टाचणी

तळहातावर नारळ घेऊन मी एकदा लेकीच्या सासरच्या शेतात पुतळ्यासारखी उभी राहिले, हा माझा मूर्खपणा. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे एकसष्टची. अक्कल यायला अवकाश होता. आता अडुसष्टची आहे. अजून वाट बघते आहे.

निवृत्त झाल्यावर मला टाचण्यांचं वेड लागलं. टाचणी म्हणजे पाण्याकाठी उडणाऱ्या चतुराची बारकी बहीण. चतुर पंख पसरून ऐटीत बसतो, ही पंख मिटून, काडीसारखी. नांदेडला गोदावरीच्या काठाने मी उन्हात इतकी वाकून हिंडायचे की लोक विचारायचे, "आजी, काय हरवलं?" आधी मी खरं सांगायचे. मग "कानातलं" म्हणू लागले. निदान चार माणसं सोबत वाकायची.

त्या मे महिन्यात देवणीकडे, लेकीच्या सासरी गेले होते. शनिवार होता. विहीणबाईंनी मारुतीला वाहायला नारळ दिला नि मी शेतातल्या वाटेने निघाले. सकाळी उन्हाचा चटका, मग आभाळ, चार टपोरे थेंब, की परत ऊन. बांधालगतच्या ओढ्यात जेमतेम डबकं उरलेलं. तिथून एक निळ्या शेपटीची टाचणी उठली ती थेट माझ्या नारळाच्या शेंडीवर येऊन बसली. आपण होऊन! मी श्वास रोखला, नारळ तळहातावर तोलला, हात लांब केला आणि डोळे तिरके करून बघत राहिले.

आता आमच्या भागात नारळ असा धरून शेतात उभं राहणारं माणूस एकच, पाणाड्या. त्याच्या हातावर नारळ उभा राहिला की खाली पाणी, तिथे बोअर मारायचा. आणि व्याह्यांचे दोन बोअर आधीच कोरडे गेलेले.

व्याही बांधावरून पळत आले, मागून विहीणबाई.

"विहीणबाई, हितंच हाय का?" व्याह्यांनी मला विचारलं.

बोललं तर टाचणी उडेल. मी नुसती मान हलवली. होती ना हितंच!

व्याह्यांनी चपला काढल्या, माझ्या पायाशी दगड रोवला आणि मला वाकून नमस्कार केला. टाचणी उडाली. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण लेकीच्या लग्नापासून मुलाच्या बापाने मला नमस्कार करायची ही पहिलीच वेळ. मी देवीसारखा चेहरा केला.

दुपारी बोअरची गाडी आली तेव्हा देवी भानावर आली. हाही कोरडा गेला तर लेकीला जन्मभर ऐकावं लागणार, 'जागा तुझ्या आईनंच दाखवली होती'. गाडी दगडाजवळ लागते न लागते तोच गारा सुरू झाल्या. व्याही, विहीणबाई, गाडीवाला आणि मी, सगळे गाडीखाली शिरलो. तिथे उकिडवं बसून मी सांगून टाकलं, "मला पाण्यातलं काही कळत नाही हो. नारळावर किडा बसला होता, तो बघत होते."

व्याही हसले. "खरा गुन असलेलं मानूस असंच म्हनतंय."

गाडीवाल्याने हात जोडले. "मावशी, आमच्या भावाच्या रानात कधी येता?"

गारा थांबल्या, लख्ख ऊन पडलं. नारळ अजून माझ्या पिशवीतच होता, मारुतीकडे जायचं राहूनच गेलेलं. मनातल्या मनात माफी मागून मी तो गाडीच्या लोखंडावर आपटला. म्हटलं, खोबरं वाटून खाऊ, म्हणजे माझी पाणाडेगिरी संपली. नारळ फुटला. आत पाण्याचा थेंब नाही, नुसतं खडखडीत खोबरं. इतका वेळ हातात होता, पण एकदा कानाशी हलवून बघायचं मला सुचलं नव्हतं.

व्याही नारळाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी रोवलेला दगड आपल्याच हाताने उपटून ओढ्यात टाकला. गाडीवाला खोबरं चघळत, आला तसा निघून गेला.

घराकडे परतताना विहीणबाई माझ्या शेजारी चालत होत्या, सारख्या माझ्या तोंडाकडे निरखून बघत. लेकीचं कसं होणार या काळजीने मीच विचारलं, "रागावलात का?"

"राग कशाचा? तुम्ही पाणाड्या न्हाईत, हे मला तवाच कळलं हुतं. डोळे तिरके, हात ताठ, बोलणं बंद. मला वाटलं, तुम्हाला झटका आला. पण ह्यांना लई दिसांनी इतकं खुश बघितलं, म्हनलं, जरा वेळ राहू द्या, मग न्हेऊ दवाखान्यात."