समोरच्या घरातला पंखा

गाव सोडलं त्या सकाळी बा मला एसटी स्टँडपर्यंत पोचवायला आला होता. माझी पत्र्याची ट्रंक त्याने शेवटपर्यंत माझ्या हातात दिली नाही. परभणीची गाडी लागली, मी खिडकीशी बसलो, तेव्हा गजांतून हात घालून त्याने माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाला, "तिथं तुला कुनी वळखनार न्हाई. लई चांगलं हाय ते. मान वर करून चाल." माय घरीच थांबली होती. जाणाऱ्या लेकराची पाठ बघू नये, असं तिचं म्हणणं. गाडी वळणावर आली तशी आमची वस्ती दिसली, गावाच्या खालच्या अंगाला, सगळ्यांचं सांडपाणी उतरतं तिथे. मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

मागे राहिलात त्यांना हे वाचून राग येईल. माझ्यासारखे निघून आलात त्यांना वेगळं सांगायला नको.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशी तेव्हा निम्मी इमारतींची आणि निम्मी चिखलाची होती. तुर्भ्याकडच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स खात्याचा कारकून झालो, लग्न झालं, आणि यथावकाश आम्हाला तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि किचन मिळालं. घरात पाऊल टाकल्यावर माझ्या बायकोने, कमलने, आधी नळ सोडून पाहिला. मी वर पाहिलं. छताला पंख्याचा हूक होता.

त्या हुकाला लागला तो आमच्या घराण्यातला पहिला पंखा. गावात उन्हाळा म्हणजे ओलं फडकं आणि लिंबाची सावली. इथे बटण दाबलं की वारा. पण आमचा पंखा पहिल्या दिवसापासून डुलायचा, वेग वाढला की अख्खी दांडी थरथरायची. कारखान्यातल्या वायरमनने सांगितलं तसं मी केलं. आधी फ्यूज काढून खिशात ठेवला. मग पात्यांचे स्क्रू आवळले. छतापासून एकेका पात्याच्या टोकापर्यंत काठी धरून पाहिली, तेव्हा एक पातं खाली वाकलेलं निघालं. ते हलक्या हाताने सरळ केलं. पंखा असा शांत फिरायला लागला की कमल बराच वेळ नुसती वर बघत बसली.

पुढे मला त्याचा नादच लागला. खाडीचा खारा वारा लोखंड खायचा, व्होल्टेजचा काही भरवसा नव्हता, त्यामुळे बिल्डिंगमध्ये रोज कुणाचा ना कुणाचा पंखा रुसलेला. पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही आणि काठीने ढकलल्यावर चालू होतो, तर कंडेन्सर गेला. फक्त फुल स्पीडवरच चालतो, तर रेग्युलेटर जळला. खरखरतो, तर बेअरिंग कोरडं पडलं. टकटक वाजतो, तर वरची वाटी सैल होऊन दांडीला घासते आहे. ती वर सरकवून स्क्रू आवळला की झालं. मी जिना चढताना दारं उघडायची. "अहो, जरा बघता का?" चहा झाल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. बा म्हणाला होता तसंच झालं होतं. मी पंखेवाले भाऊजी होतो, बाकी कुणी नव्हतो.

समोरच्या दारात मालतीवहिनी राहायच्या. दादरच्या. नवरा बँकेत, लहान मुलगी, सोनू. कमलशी त्यांचं इतकं जमलं की दोन्ही दारं दिवसभर उघडी. आमची ज्वारीची भाकरी तिकडे, त्यांची पुरणपोळी इकडे. सोनू आमच्याच खोलीत, आमच्याच पंख्याखाली झोपायची. "तू होतीस म्हणून मी या जंगलात टिकले गं," असं त्या कमलला म्हणायच्या. आमच्या कपाटावर बुद्धाची लहान मूर्ती होती. ती पाहून एकदा म्हणाल्या, "किती शांत वाटतं नाही? आमच्याकडेही अशी शोपीस हवी." कमल हसली. आडनाव आमचं गावावरून पडलेलं, त्यातून काही कळायचं नाही. आम्ही लपवलं नाही. कुणी विचारलं नाही.

मग बा गेला आणि मी मायला वाशीला घेऊन आलो.

मायला पंखा आवडला नाही. "एवढं लोखंड डोस्क्यावर कशापायी टांगलंस?" म्हणायची आणि चटई ओढून गॅलरीत जायची. मी तिला स्टुलावर चढून हूक दाखवला, पिन दाखवली, दांडीला लोंबकळूनसुद्धा दाखवलं. ती हसली आणि हळूहळू पंख्याखाली बसायला लागली. पदर सैल सोडून म्हणायची, "तुझ्या बाला एवढा वारा कधी मिळाला न्हाई." माझ्या डोक्यात तेव्हा सगळं पक्कं झालं होतं. माय आता इथेच. गावाशी संबंध संपला.

एका रविवारी दुपारी मालतीवहिनींनी हाक मारली. "भाऊजी, पंखा बंद पडला हो. सोनू उकाड्याने रडतेय." मी गेलो. कंडेन्सर गेला होता, माझ्याकडे एक जास्तीचा होता. मी स्टुलावर, वहिनींचा नवरा स्टूल धरून, आत चहाचं आधण. एवढ्यात मला शोधत माय दारात आली. वहिनी लगबगीने पुढे झाल्या. "या ना आजी, आत या. बाहेर काय उभ्या?"

मायने दोन्ही हात जोडले आणि गावात वस्तीतल्या प्रत्येक माणसाला म्हणायची तसंच मोकळेपणाने म्हणाली, "जय भीम, बाई."

वरून मला वहिनींचा चेहरा दिसत नव्हता, फक्त भांग दिसत होता आणि सोनूला उचलून घेणारे हात. स्टूल धरलेला हात निघाला होता. मी वायर जोडल्या, खाली उतरलो, फ्यूज बसवला, बटण दाबलं. पंखा गरगर फिरायला लागला. वहिनी किचनच्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, आज चहा राहू दे हं. दूध नासलं." आतून दूध-साखर पडलेल्या ताज्या चहाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवसापासून समोरचं दार बंद. सोनू एकदा आमच्याकडे धावत आली तर तिला दंडाला धरून नेलं. कमलने शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली होती, ती वाटी उंबऱ्यावर ठेवलेली सापडली, चटणीसकट. कमलने ती उचलली आणि त्या दिवशी जेवली नाही. महिन्याभरात सगळ्या मजल्यांवरचे पंखे एकाएकी बरे झाले. मी जिना चढताना कुणाचं दार उघडेना. भांडण नाही, शिवी नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे नमस्कार करायचे. तक्रार करावी असं काही हातात येतच नव्हतं.

आणि त्यांचा पंखा पुन्हा बिघडला. टक, टक, टक. भिंतीतून स्पष्ट ऐकू यायचं. वाटी सैल झाली होती, एका स्क्रूचं काम. मी ऐकत बसायचो, आज हाक मारतील, उद्या मारतील. अख्खा उन्हाळा तो पंखा वाजला. त्यांची झोपमोड होत असणार, सोनूचीही. पण त्यांनी आवाज सोसला, मला सोसलं नाही. एकदा मी न राहवून स्क्रूड्रायव्हर घेऊन उठलो तर कमल दारात आडवी उभी राहिली. "बोलावलंय का तुम्हाला?" तिने विचारलं. मी परत बसलो.

मायला सगळं कळलं होतं. एका संध्याकाळी भाजी निवडताना खाली बघतच म्हणाली, "माझ्या तोंडानं झालं का रे हे?"

"नाही माय. त्यांचं त्यांच्यापाशी."

"मंग गप का बसतोस? उगा मला फसवू नको." थोड्या वेळाने म्हणाली, "मला गावी सोड."

मी खूप विनवलं. डॉक्टर इथे, नळ इथे, नातवंडं होतील ती इथे. ती ऐकेना. "गावात आपली वस्ती कुठून सुरू होती ते मला ठावं हाय," म्हणाली. "तिथं मी पाय जपून टाकते. हितं कुठं सुरू होती तेच कळंना. अंदाज येत न्हाई, लेकरा."

तिला मी गावी नेऊन सोडलं. दोन पावसाळ्यांनंतर ती तिथेच वारली. शेवटपर्यंत म्हणत राहिली की मुलाच्या घरी लई वारा होता. वस्तीतल्या बायकांनी मला हे कौतुकाने सांगितलं. मी मान डोलावली.

समोरचं बिऱ्हाडही पुढे मोठ्या घरात गेलं. सामान उतरत असताना मालतीवहिनी कमलला जिन्यात भेटल्या. "येत जा हं," म्हणाल्या. कुठे, ते सांगितलं नाही. कमल म्हणाली, "सोनूला सांभाळा." एवढंच.

मागच्या महिन्यात त्या घरात नवे लोक आले. तरुण जोडपं, सांगलीकडचं. नवरा संध्याकाळी आमच्या दारात आला. "काका, तुम्ही पंखे बघता म्हणे. आमचा फिरतच नाहीये, जरा येता?" मी टेस्टर उचलला. कमल किचनमधून बाहेर आली आणि सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"येतील," ती म्हणाली. "पण आधी सांगून ठेवते. आम्ही बौद्ध आहोत. आता सांगा, येऊ देत का?"

पोराचे कान लाल झाले. "असं काही नाही हो काकू," तो म्हणाला. "मी... मी हिला विचारून येतो."

कमलने दार लावलं नाही. गॅसवर चहा ठेवला, चार माणसांचा. आम्ही बसून राहिलो. समोरून बोलण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. चहा गार झाल्यावर कमलने तो पुन्हा गरम केला, दोन कप ओतले, आणि मग उठून दार लावलं. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं. मी वाशी सांगतो. खरं म्हणजे त्या लावलेल्या दाराच्या आत जेवढी जागा आहे, तेवढीच.