लाल गाडीचं दुखणं

परभणी जिल्ह्यात थंडी पडते ती आमच्या मामेसासऱ्यांच्या परवानगीने, असं माझं ठाम मत आहे. हे माझ्या बायकोचे मामा. मानवतला कापसाच्या व्यापारात त्यांचं आयुष्य गेलं. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात नोकरी करतो, तेव्हा पारा मीच पाळलेला आहे अशी त्यांची समजूत. दिवाळी सरली की रोज सकाळी, मी अजून पांघरुणात असताना त्यांचा फोन येतो. "जावईबापू, आज किती?" मी आकडा सांगतो. आकडा घसरलेला असला की पलीकडून "वा रे वा! लय भारी!" अशी दाद येते, मुलगा पहिला आल्यावर बाप देतो तशी. आणि चुकून वर गेला असला, तर ते म्हणतात, "नीट बघा बरं एकदा." महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या गावात परभणीपेक्षा जास्त थंडी पडल्याची बातमी पेपरात आली, तर त्या दिवशी ते पेपर पूर्ण वाचत नाहीत.

या थंडीप्रेमाचं कारण त्यांच्या गोदामात उभं असतं. त्यांचा एकुलता मुलगा पुण्यात नोकरीला होता. तिथे त्याने हौसेने एक लाल, चपटी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतली, जुनीच, पण दिमाख नव्याचा. वर्षभरात त्याला अमेरिकेची नोकरी लागली. गाडी विकवेना, ठेवायला जागा नाही, म्हणून तो ती मानवतला घेऊन आला. गावातल्या पहिल्याच स्पीड ब्रेकरवर गाडीचं पोट अडकलं आणि चार जणांनी ती उचलून पलीकडे ठेवली. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "पोतं कुठं ठेवायचं हिच्यात?" मुलगा हसला. त्याने गोदामाच्या कोपऱ्यात गाडी लावली, बॅटरी उतरू नये म्हणून भिंतीवर एक चार्जर बसवला, त्याची वायर गाडीला जोडली, "बाबा, एवढी सांभाळा," म्हणाला आणि विमानात बसला.

मामांनी सांभाळली म्हणजे किती सांभाळली! पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल लागेल म्हणून बाहेर काढली नाही. उन्हाळ्यात रंग उडेल म्हणून काढली नाही. उन्हाळ्यात फक्त अधूनमधून जागच्या जागी चालू करायची, ती एका दमात चालू व्हायची, की बंद. थंडी आली की मात्र गाडी रुसायची. किल्ली फिरवली की एक बारीक 'टक्' असा आवाज काढायची आणि गप्प. मग मामांच्या अंगात संचार व्हायचा. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी पिंजाऱ्याला बोलावून गाडीच्या मापाची रजई भरून घेतली, घरच्या नव्या कापसाची. पिंजारी टेप घेऊन गाडीभोवती फिरला आणि बिचाऱ्याने विचारलं, "मालक, हिचं उसं कोन्या बाजूला?" मामांनी गंभीरपणे इंजिनाची बाजू दाखवली. त्या बाजूला कापूस दुप्पट आहे. या गाडीचं इंजिन मागे असतं, त्यामुळे गाडी कायम उलटी झोपल्यासारखी दिसते.

हिवाळाभर मग रोज मुलाचा फोन. मामा ओट्यावर बसून मोठ्या आवाजात गाडीची तबियत सांगायचे. "काल 'टक्' वाजलं होतं, आज तेबी न्हाई." "टायर गार पडलेत, कोमट पान्यानं पुसून घेतले." "आवाज घोगरा हाय." मुलगा तिकडून उपाय सांगायचा, मामा इकडे शंका काढायचे आणि तासाभराने फोन ठेवला की असे खुशीत असायचे की गाडी चालूच झाली असावी असं रस्त्याने जाणाऱ्याला वाटे.

यंदा मुलाने गाडी विकायचं ठरवलं. संभाजीनगरचं एक गिऱ्हाईक त्याने फोनवरूनच गाठलं होतं. रविवारी सकाळी गिऱ्हाईक येणार, गाडी त्याच्यासमोर चालू झाली पाहिजे. ही जबाबदारी त्याने माझ्यावर टाकली. "भाऊजी, बाबांच्या भरवशावर सोडू नका," असंही म्हणाला. मी माती परीक्षण करतो, गाड्यांचं मला काय कळतंय! पण सासरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. पहाटेच्या एसटीने कुडकुडत मानवतला पोचलो.

गोदाम छतापर्यंत कापसाने भरलेलं. मधल्या बोळीतून आत गेलो तर रजईखाली गाडी, आणि शेजारी कानटोपी, त्यावर मफलर, खांद्यावर घोंगडी असे मामा. "आज लय गारठायली हो ती," ते म्हणाले. मी सोबत ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आणला होता. तो म्हणाला, ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर लावून चालू करू. मामा आडवे आले. "परका करंट सोसायचा न्हाई तिला. नाजूक हाय." मग बॅटरी काढून दुकानात चार्ज करून आणू म्हटलं, तर म्हणाले, "काळीज काढून बाजारात न्यायलाव का तुमी तिचं?" याउलट भलत्या उपायांना त्यांचा पूर्ण पाठिंबा. शेजारचा किराणावाला म्हणाला इंजिनाला ऊन दाखवा. लगेच गाडी ढकलत अंगणात आली. कुणी म्हणालं काचेला गरम पाण्याची पिशवी लावा, पिशवी आली. कुणी दृष्ट काढायला सांगितली. मामी मिरच्या घेऊन आल्या. मेकॅनिक 'ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही' म्हणत राहिला, तरी आठ जणांनी ती गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली आणि परत आणली. सगळ्यांना घाम फुटला, गाडी तशीच थंडगार. मामा मात्र कमरेवर हात ठेवून अत्यंत समाधानाने म्हणाले, "बगा, कोनताच उपाय लागू व्हईना."

तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला. ज्या उपायाने गाडी चालू होण्याची भीती होती, तेवढेच उपाय हा माणूस हाणून पाडत होता.

गिऱ्हाईक आलं. तरुण, गॉगल लावलेलं. त्याने किल्ली फिरवली, 'टक्' ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. मामांनी त्याला बोलायची संधीच दिली नाही. "अहो, गाडी कुठं पळून जायलीय! पहिल्यांदा हुरडा खाऊन घ्या," म्हणत ते त्याला शेतावर घेऊन गेले. तो दुपारी परतला तो पोटभर हुरडा, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन, डोळे जड झालेला. "काका, उन्हाळ्यात बघू," म्हणाला आणि बांधून दिलेला हुरडा घेऊन गेला.

ते शेतावर असताना मी मामींना विचारलं, "मामी, ही थंडीतच कशी बिघडते हो?"

मामी ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बिघडंल कशाची? दसऱ्यापासून कापूस भरायला लागले की हे गोदामाचा मेन खटका पाडतेत. ठिनगी उडाली तर काय घ्या? आमच्याकडं सगळेच पाडतेत. तिकडं चार्जर उपाशी, इकडं गाडी उपाशी. फागनात गोदाम रिकामं झालं, खटका वर गेला, की चालू व्हतीय."

"मामांना माहीत आहे हे?"

"त्यायच्याच हातानं पाडतेत की."

मामा आले तेव्हा मी त्यांना खिंडीत गाठलं. आधी त्यांनी मफलर नीट केला, मग घोंगडी झटकली. शेवटी ओट्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "उन्हाळ्यात त्याचा फोन येतो. 'बाबा, गाडी कशीय?' 'चांगली हाय.' 'बरं, ठेवतो.' झालं, संपलं. मला सांगा, चांगल्या गाडीवर बाप-लेकानं किती बोलावं? थंडीत ती बिमार पडती मनून रोज तासभर आवाज ऐकू येतो त्याचा."

मला हसू येत होतं. तेवढ्यात मुलाचाच फोन आला, माझ्या मोबाइलवर. काय झालं, का चालू झाली नाही, खरं काय ते सांगा. मामा समोरून माझ्याकडे एकटक पाहत होते. "इकडे थंडी फार आहे रे," मी म्हणालो. विद्यापीठाचा माणूस, पाऱ्याबाबत तरी खोटं बोललो नाही.

तो म्हणाला, "मग असं करतो, मीच येतो. संक्रांतीला सुट्टी टाकतो. मी बघतो तिच्याकडे."

मी फोन मामांना दिला. त्या दिवशी ते तासभर काय, दोन मिनिटंही बोलले नाहीत. "ये," एवढंच म्हणाले.

संक्रांतीच्या तोंडावर त्यांनी मला बोलावून घेतलं. जाऊन बघतो तर गोदाम रिकामं. भाव चढेल म्हणून होळीपर्यंत कापूस दाबून बसणारा हा माणूस, यंदा मिळेल त्या भावात सगळा माल देऊन मोकळा झाला होता. झाडलेल्या फरशीवर लाल गाडी एकटीच उभी होती, आणि मामा भिंतीच्या खटक्यापाशी, हात वर करून.

"जावईबापू, एक इचारू?"

"विचारा की."

"खटका न्हाई लावला, तर तो मनंल, बापाला एवढी गाडीबी सांभाळता आली न्हाई. अन् लावला, गाडी चालू झाली, तर तो हिच्यात बसून पुन्याला जाईल, इकून टाकंल अन् इमानात बसंल. मंग फोन कशाचा करंल वो तो?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्याकडे जावयाने मामेसासऱ्यांना मिठी मारायची पद्धत नाही. मी नुसताच त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मामांनी हळूच खटका वर केला. चार्जरचा दिवा लागला. तो बघत ते बराच वेळ तिथेच थांबले.