नेटशिवायचा सर्व्हर आणि मावशीचा नकाशा

तुमच्या जमिनीची हद्द कुठून कुठवर आहे, हे एखाद्या दलालाला घरबसल्या कळलं तर तुम्हाला चालेल?

आमच्या वाडीला चालणार नव्हतं. वाडी मुरबाड तालुक्याच्या टोकाला, शहापूरच्या बाजूला. तिथल्या संघटनेच्या खोलीत एक सर्व्हर आहे. सगळ्यांचे वनहक्काचे दावे, प्लॉटची मोजणी, जबाब त्यात. तो नेटला जोडायचा नाही, असं सभेत ठरलं. सगळ्यात मोठ्याने बोलले मीच.

मग नकाशे काढायचा प्रोग्रॅम बिघडला, तोही मावशीच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी. मावशी शेजारची. नवरा गेल्यापासून डोंगराखालचा नाचणी-वरईचा तुकडा एकटीच कसते. नकाशा नसला तर दावा फेटाळतील, ही आम्हा दोघींना धास्ती. मी गाडी काढली, सापगावावरून शहापूर गाठलं आणि झेरॉक्सच्या दुकानातून नवा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला. बघता बघता डाउनलोड झाला. मी खूश.

सर्व्हरला लावला, तर म्हणे इंटरनेट जोडा. मी आणला तो प्रोग्रॅम नव्हताच. खरा प्रोग्रॅम नेटवरून ओढून घेणारी ती नुसती एक छोटी फाइल होती.

"म्हंजे बाजाराला गेलीस नि रिकामी पिशवी घेऊन आलीस," मावशी म्हणाली.

संघटनेतल्या दादांनी खिशातून मोबाइल काढला. "हॉटस्पॉट देतो दहा मिन्टं. कोनाला कळतंय?"

"सभेनं ठरवलंय, दादा."

"सभेचं काय जातंय?" मावशी म्हणाली. "माझी जमीनच गेली तर लपवायला काय ऱ्हायलं गो?"

घरात संघटनेच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाढले, पण त्यातलं एकही वाक्य तेव्हा कामाला येईना. सर्व्हरच्या त्या डब्यात एकट्या मावशीची जमीन नव्हती, एवढंच मला कळत होतं. पुन्हा शहापूरकडे निघाले. दुकान बंद झालं असेल तर?

दुकान उघडं होतं. या वेळी पूर्ण प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली घेतल्या. अंधार पडता पडता प्रोग्रॅम बसला, नकाशा निघाला. मावशीने तो माझ्या हातातून घेतला आणि तशीच घरी निघून गेली. सकाळी सुनावणीला जाताना मुरबाडच्या एसटीत माझ्या शेजारची जागा सोडून पुढे जाऊन बसली. निकाल अजून यायचाय.

तुमच्या संघटनेत किंवा शाळेत असा सर्व्हर असेल, तर एवढं करा. लागणारा प्रोग्रॅम आजच पूर्ण आणून ठेवा आणि कुणाचंच काही अडलेलं नसताना, नेट न जोडता, एकदा बसवून बघा.